हरणाचा हंगाम : तुमचा एखादा दिवस सांगा

मंडळी, नोव्हेंबर लागला. अमेरिकेत शहराबाहेर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पेट्रोल पंपावर नारिंगी टोप्या, ऑफिसात निम्मी माणसं रजेवर, आणि पुढच्या पिकअपच्या हौद्यातून चार पाय बाहेर आलेले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार म्हटलं की कोर्टकचेरी आठवते, नाहीतर मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभा असलेला संस्थानिक. इथे मात्र बँकेतला कारकूनही रजा टाकून जातो. जे स्वतः गेलेत, कुणाबरोबर गेलेत, किंवा ज्यांच्या घरामागे हे चालतं, त्यांनी लिहा. चूक की बरोबर यावर भांडायला इतर धागे पुष्कळ आहेत.

उत्तर पेनसिल्व्हेनिया

मी बंदूक धरलेली नाही, नुसता सोबतीला गेलो होतो. आमच्या शेजारच्या आजोबांनी नेलं. इथला रायफलचा हंगाम पूर्वी थँक्सगिव्हिंगनंतरच्या (म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारनंतरच्या) सोमवारी सुरू व्हायचा आणि त्या दिवशी कित्येक शाळा बंद असायच्या. २०१९ पासून तो शनिवारी सुरू होतो. आजोबांना हे अजून पटलेलं नाही. हंगामाआधीचा शनिवार-रविवार कॅम्पवर जाऊन पत्ते कुटायचे, लाकडं फोडायची, ते गेलं म्हणतात.

निघताना त्यांनी माझा डबा हुंगला. थालीपीठ आणि लसणाची चटणी होती. डबा गाडीतच राहिला. हरणाचं नाक हे त्यांच्या दृष्टीनं सगळ्यात मोठं संकट, त्यामुळे चढायच्या आधी वारा कुठून आहे ते दोनदा पाहिलं. मचाण दोघांची, शिडीची. वर गेल्यावर पट्टा झाडाला अडकवायचा. डोकं, छाती, पाठ मिळून निदान २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी अंगावर हवंच. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, माणसाला दिसतो, म्हणून.

उजाडायच्या आधी बसलो. पहिला तासभर प्रत्येक खार मला हरीण वाटली. वाळलेल्या ओकच्या पानांत एवढीशी खार म्हशीएवढा आवाज करते. हरीण आलं तेव्हा काहीच ऐकू आलं नाही, तिथे होतंच एकदम. मादी होती, वीसेक पावलांवर. तिला संशय आला असावा. पुढचा एक पाय उचलून तिनं जमिनीवर आपटला, थांबली, परत आपटला. मग मान खाली घालून चरायला लागल्यासारखं केलं आणि झटक्यात वर पाहिलं. खात वगैरे काही नव्हती, आम्ही हलतो का ते बघत होती! तिसऱ्यांदा हेच केल्यावर मला हसू आवरेना. तिनं नाकातून जोरात फुर्रर्र केलं, शेपटीची पांढरी बाजू उभारली आणि गेली. आजोबांनी रायफल उचललीच नव्हती. मादीचा परवाना वेगळा असतो, तो त्यांनी त्या वर्षी काढला नव्हता. दुपारी गाडीत बसून थालीपीठ दोघांनी खाल्लं. चटणी त्यांनीच संपवली.

ओहायो

व्हिसावाल्यांसाठी कामाची गोष्ट. एच-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला संघीय कायद्यानं मनाई आहे. कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर अपवाद होतो. मित्राची रायफल "जरा बघू" म्हणून हातात घेण्याआधी हे वाचा आणि वकिलाला विचारा. मी धनुष्यबाणावर भागवतो. तो या कायद्यात येत नाही, आणि सप्टेंबरच्या शेवटापासून जंगलात बसायला मिळतं. थंडीही कमी.

नैऋत्य विस्कॉन्सिन

आमच्याकडे शिकारीनंतरचंच काम जास्त. गोळी लागली तरी हरीण बरेचदा धावतं. लगेच मागे जायचं नाही, निदान अर्धा तास थांबायचं. मग रक्त बघायचं. फिकट आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, फार लांब गेलेलं नसतं. काळपट असेल तर यकृत. हिरवट घाण आणि वास असेल तर पोटात लागलंय, कित्येक तास थांबावं लागतं. त्या वेळी मनाला लागतं, खोटं कशाला बोलू.

सापडलं की आतडी तिथेच काढायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करायची. आणि मग मुंडकं! २००२ मध्ये हरणांचा मेंदूचा एक रोग राज्यात पहिल्यांदा सापडला तो आमच्याच भागात, सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज). शिजवून तो मरत नाही. माणसाला झाल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही, पण बाधित जनावराचं मटण खाऊ नका असाच सल्ला आहे. म्हणून तपासणीसाठी मानेच्या थोड्या भागासकट मुंडकं पिशवीत घालून, चिठ्ठी लावून, रस्त्याकडेच्या सरकारी पेटीत टाकून यायचं. शिंगं हवी असतील तर आधी कापून घ्यायची. निकाल येईपर्यंत मटण फ्रीझरमध्ये वेगळ्या खणात. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा गाडीच्या डिकीत मुंडकं होतं आणि त्यांच्या बॅगाही तिथेच ठेवायच्या होत्या. तो किस्सा वेगळा लिहीन.

मिशिगन

आमच्याकडे तारीख ठरलेली, १५ नोव्हेंबर, वार कुठलाही असो. हे जातात, मी रांधते. वरच्या दादांनी मटण रांधायचं कसं ते लिहिलंच नाही, म्हणून मी लिहिते. हरणाची चरबी बोकडासारखी नाही. गार झाली की टाळूला मेणासारखी चिकटते आणि उग्र वास त्यातच असतो. त्यामुळे पांढरं दिसेल तेवढं सगळं कापून टाका, पातळ पापुद्रासुद्धा. पाठीच्या कण्यालगतचा लांब तुकडा मसाल्यात घालू नका, तूप, मीठ, मिरं, कडक तवा, बस. मांडीला मात्र दही-आलं-लसूण लावून रात्रभर ठेवा आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण सढळ हातानं. स्वतःची चरबी नसल्यानं रस्सा कोरडा लागतो, तेल थोडं जास्तच घाला. खिमा एक नंबर होतो.

पेनसिल्व्हेनिया, पुन्हा (शाकाहारी)

मी फक्त कुत्रा फिरवतो. आमची पायवाट शिकारीच्या रानाला लागून आहे, म्हणून हंगामात दोघंही नारिंगी. खिशातून पांढरा रुमाल काढू नका असं शेजाऱ्यानं बजावलंय, लांबून शेपटी वाटते. माझ्या कुत्र्याची शेपटीही पांढरीच आहे आणि त्याचं जाकीट तिथपर्यंत पोचत नाही. मोठ्या मापाचं कुठे मिळतं, कुणाला माहीत आहे का?