आता मी कशासाठी? तुमचा अनुभव सांगा

बिबवेवाडी, वय ५४

माझी आई ८४ वर्षांची आहे. मागच्या श्रावणात तिच्या हातातून कणकेची परात निसटली आणि तेव्हापासून स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. एका संध्याकाळी देवापाशी दिवा लावून ती खाली बसली आणि म्हणाली, "आता मी कशाला आहे गं?" डोळ्यांत पाणी नव्हतं की आवाजात तक्रार नव्हती. गॅस बंद केलास का, असं विचारावं तसं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी पेपरवर पसरून तिच्यापुढे ठेवली. तिने दीड तास लावला. कोवळे देठ वेगळे काढले, "डाळीत घाल, चांगले लागतात" म्हणाली. मुळं कुंडीत टाकायला लावली. तेवढा वेळ बरा गेला. पण मेथी निवडणं हे काही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे, हे तिलाही कळतं आणि मलाही.

धर्म, अर्थ, काम, मोक्ष हे चार पुरुषार्थ आपण शाळेपासून ऐकतो. माणसं मात्र 'जन्माचं सार्थक झालं' म्हणतात ते नातवाचं तोंड बघून, पंढरपूरला जाऊन आल्यावर, घराचं कर्ज फिटल्यावर. म्हणून ऐकीव काही नको. तुम्हाला स्वतःला 'मी यासाठी आहे' असं कधी वाटलं का? कुठे, काय करत असताना? वाटलं नसेल तर तेही लिहा, मी आईला वाचून दाखवणार आहे.

कोथरूड, वय १९

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मैत्रिणीला ताप आला म्हणून तिच्या जागी एका दृष्टिहीन ताईची लेखनिक म्हणून गेले. ताई बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, पेपर राज्यशास्त्राचा. लेखनिक घेणाऱ्यांना तासाला २० मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास. ती सांगेल तेच लिहायचं, आपलं डोकं चालवायचं नाही.

पंचायत राजच्या प्रश्नात ती म्हणाली, "७४वी घटनादुरुस्ती." मला माहीत होतं की पंचायतींची ७३वी, ७४वी नगरपालिकांची. पोटात कालवलं, पण ७४ लिहिलं. दीड पान पुढे गेल्यावर शहरांचा मुद्दा आला आणि ती मध्येच थांबली. बोटं बाकावर वाजवत राहिली. मग म्हणाली, "मागे जा. तिथे ७३ कर." मला इतका आनंद झाला की खोडताना कागद फाटेल असं वाटलं.

शेवटी बोटं आखडली होती. त्या चार तासांत माझ्या मार्कांचा, प्लेसमेंटचा एकदाही विचार आला नव्हता, हे बसस्टॉपवर आल्यावर लक्षात आलं. यालाच हेतू म्हणतात का, माहीत नाही. पुढच्या दोन पेपरांनाही मीच गेले.

आधी सदाशिव पेठ, आता गावी, वय ३१

स्पर्धा परीक्षांसाठी सहा वर्षं अभ्यासिकेत काढली. सकाळी सातला खुर्ची धरायची, दुपारी मेसचा डबा, रात्री अकराला खोलीवर. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो, एकदा मुलाखतीपर्यंत. त्या सहा वर्षांत मला कोणी विचारलं असतं, तर आयुष्याचा हेतू तोंडपाठ होता: पोस्ट. निकालाच्या यादीत नाव नव्हतं तेव्हा नुसती पोस्ट गेली नाही, सगळंच गेलं. ध्येय आणि हेतू मी एकच धरून बसलो होतो.

सध्या वडिलांबरोबर सोयाबीन करतो. 'शेतात सापडलं' असं लिहायला बरं वाटलं असतं, पण तसं काही झालेलं नाही. झोप लागते, एवढं खरं. पेठेत असलेल्या पोरांना एवढंच सांगेन, घरी फोन करत जा, निकालाच्या दिवशी तर नक्की.

हडपसर, वय ३९

मुलगी झाली तेव्हा वाटलं, हिच्यासाठीच मी. आता ती बारा वर्षांची आहे आणि मला वाटतं, एवढं ओझं लेकराच्या डोक्यावर ठेवू नये.

कर्वेनगर, वय ७१

मी ३१ वर्षं गणित शिकवलं. अण्णासाहेब कर्वेही गणिताचेच, फर्ग्युसनमध्ये शिकवायचे. निवृत्तीनंतर घरी बसलो होतो तेव्हा त्यांचं आयुष्य वयासकट कागदावर मांडून पाहिलं. जन्म १८५८. १८९३ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह, आणि त्यापायी मुरुडला, त्यांच्या गावी, बहिष्कार. १८९६ ला विधवांसाठी आश्रम, पुढे तो हिंगण्याला आला. पावसाचिखलातून तिथे पायी जा-ये करायचे. १९१६ ला महिला विद्यापीठ, वय ५८. १९३६ ला खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणाचं काम, वय ७८. १९४४ ला समता संघ, वय ८६. १०४ वर्षं जगले.

मला वाटायचं, अशा माणसांना सगळं आधीच दिसत असणार. तारखा मांडल्यावर तसं वाटेना. एक काम हाताशी आलं, त्याने पुढची अडचण दाखवली, तिथून पुढचं काम.

माझं लहानसंच. आमच्या सोसायटीच्या वॉचमनची मुलगी पाचवीत होती, अपूर्णांकावर अडली होती. जिन्यात बसून मी विचारलं, "भाकरीचा पाव हिस्सा मोठा की तिसरा हिस्सा?" ती म्हणाली, "तिसरा. आम्ही घरी चौघं आहोत ना, तिघंच असतो तर जास्त आली असती." माझ्या सगळ्या नोकरीत इतकं अचूक उत्तर कोणी दिलं नव्हतं, आणि ते तिला कुठून आलं या विचाराने जेवण गेलं नाही. आता जिन्यात नऊ मुलं बसतात.

औंध, वय ५८

मी वेगळं मांडते, राग मानू नका. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आपल्या 'का'च्या पोटात दोन प्रश्न आहेत: कशामुळे आणि कशासाठी. हृदय रक्त फिरवण्यासाठी आहे, असं आपण सहज म्हणतो. पण उत्क्रांतीने आधी हेतू ठरवून हृदय घडवलेलं नाही. ज्या जिवांत रक्ताभिसरण थोडं बरं झालं ते तगले, त्यांची पिल्लं झाली, आणि हे कोट्यवधी वर्षं चाललं. माणूस इथे आहे याला 'कशामुळे' आहे. 'कशासाठी' आहे, असं मला वाटत नाही.

माझे पती पन्नासाव्या वर्षी गेले. वैकुंठ स्मशानभूमीतून परतताना नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, "देवाच्या मनात काहीतरी असेल." त्या मायेनेच बोलल्या, पण मी आतून पेटले. धमनीत गुठळी झाली होती, कशामुळे ते मला ठाऊक होतं. यामागे कुणाचाही हेतू नव्हता, हे कोणी मुद्दाम केलेलं नाही, याच विचाराने मला त्या वर्षी धीर दिला. अजूनही देतो.

सकाळी मी वर्गावर जाते कारण मुलं आलेली असतात. त्याला मोठं नाव द्यावं असं मला वाटत नाही, आणि नाव न दिल्याने त्यात काही कमी पडलेलं नाही.

भवानी पेठ, वय ४७

आमचा चपलांचा धंदा. माउलींची पालखी आमच्या पेठेत असते आणि तुकोबांची शेजारी नाना पेठेत. मुक्कामाच्या दिवसांत आम्ही वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवतो. वडील करायचे, म्हणून मी करतो. सर्वात जास्त अंगठे तुटलेले येतात. पुढे माउलींबरोबर दिवे घाट चढायचा असतो, म्हणून तिथे दुहेरी टाका घालायचा, दोरा मेण लावूनच.

एक म्हातारी दोन्ही चपला देऊन अनवाणी फुटपाथवर बसली होती. शिवून दिल्या तर तिने आधी पायात घातल्या नाहीत, माझ्याच पाया पडायला वाकली. मी उठून मागे झालो. माझा बाप अख्खी हयात लोकांच्या पायाशी बसला, त्याच्या पाया कोणी पडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी रापी हातात धरवेना.

बिबवेवाडी, वय ५४

सगळं आईला वाचून दाखवलं, दोन संध्याकाळी लागल्या. औंधच्या ताईंचं ऐकून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "खरं बोलली ती." भवानी पेठेचं पुन्हा वाचायला लावलं. सोयाबीनवाल्या मुलाची आई आहे का, हे विचारून ठेव म्हणाली.

आणि आज सकाळी चहा घेताना पहिला प्रश्न: "ती राज्यशास्त्रवाली पास झाली का गं?" कोथरूडच्या मुली, निकाल लागला की इथे कळव. ती रोज विचारणार आहे.