वडिलांचा मोतीबिंदू आणि अडीचचा सिलिंडर: टोरिक भिंग घालावं का?

गुजरीकर:
आमचे अण्णा, वय 68, कोल्हापुरात गुजरीत सोनारकाम करतात. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, चष्म्यात सिलिंडर (तिरका) नंबर अडीच. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी टोरिक भिंग, म्हणजे ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवायचं तिरका नंबर घालवणारं भिंग, सुचवलंय. साध्यापेक्षा बरंच महाग. काउंटरवर तीन कंपन्यांची पत्रकं हातात दिली आणि म्हणाले, ठरवून सांगा. आम्ही काय कपाळ ठरवणार? अण्णांचं एकच, "साजाच्या पानाला दिलेला डाग दिसला पाहिजे, बाकी काय विषय नाही." (डाग म्हणजे सोन्याचा झाळलेला सांधा.) कुणाच्या घरी घातलंय का?

रंकाळ्याची_हवा:
माझ्या आईला घातलंय. कंपनीचं नंतर बघा, आधी केराटोमेट्रीचा (कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, किती वाकडा आहे त्या मोजमापाचा) कागद मागा. चष्म्याच्या अडीचमध्ये कॉर्नियाचा वाकडेपणा असतो, तसा आतल्या मूळ भिंगाचाही. मूळ भिंग तर निघूनच जाणार. कॉर्नियाचा उरतो, टोरिक त्याच्यासाठी. आईचा चष्म्यात दोन होता, कॉर्नियावर दीडच निघाला. एकच्या आत असेल तर बहुतेकदा साध्या भिंगावर भागतं. दोनच्या पुढं असेल आणि साधं घातलं, तर लांबचं बघायलाही चष्मा सुटत नाही.

आणि डोळे कोरडे असतील तर मोजमाप फसतं. आईला आधी थेंब दिले, मग परत मोजलं, तर आकडा वेगळाच. तुमचे अण्णा जन्मभर फुंकणीपुढं बसलेत, हे विचाराच.

उचगावचा_भाचा:
आमच्या मामांचं भिंग फिरलं होतं, म्हणून लिहितोय. टोरिक ठरलेल्या कोनातच बसावं लागतं. एक अंश सरकलं की साधारण तीन टक्के गुण जातो, दहा अंशांत तिसरा हिस्सा, तीस अंशांत सगळाच. आडवं झालं की डोळा आतल्या आत थोडा वळतो, त्यामुळं पेशंटला बसवून बुबुळाच्या कडेला शाईची खूण करतात. काही ठिकाणी हे मशीनवर होतं. तुमच्याकडं कसं करतात, विचारा.

मामांना दुसऱ्या दिवसापासून अंधुकच दिसायचं. "बसेल हळूहळू" ऐकत तीन आठवडे गेले. दुसऱ्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून बघितलं, तर भिंगावरच्या ठिपक्यांची रेघ वीस अंश सरकलेली. परत फिरवून जागेवर आणलं, आता झकास. तेव्हा ऑपरेशननंतर भिंगाचा कोन तपासून घ्याच.

गुजरीकर:
मग टोरिकनं जवळचं दिसणार ना?

रंकाळ्याची_हवा:
नाही भावा, इथंच लोक फसतात. तिरका नंबर जातो, चाळिशी जात नाही. सहसा भिंग लांबच्यासाठी निवडतात, वाचायला चष्मा लागतोच. पण अण्णांचं पोट हातभर अंतरातल्या कामावर. हेच टोरिक जवळच्या हिशेबानंही घेता येतं. मग गाडी चालवायला, टीव्हीला चष्मा. हे डॉक्टरांना भिंग मागवायच्या आधी सांगा, आणि दुसऱ्या डोळ्याचं काय करायचं तेही त्याच बैठकीत बोला. मल्टीफोकलच्या (लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या भिंगाच्या) मोहात पडू नका. त्यात प्रकाश वाटला जातो, बारीक कामाला आणि मंद उजेडात फिकं वाटतं.

गुजरीकर:
आत्ता अण्णांना पाटावर बसवून टेप लावला. पान हातात धरलं की तेरा इंच. डाग देताना मान मागं घेतात, तेव्हा सोळा. दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहिलेत, सोमवारी कागद मागायला जातोय.