टाकीतील प्रवाळ मिटून राहतात, मासे मात्र ठणठणीत आहेत: कारण काय असावे?

प्रश्न

नमस्कार. माझी १२० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आता अडीच महिन्यांची झाली आहे. जिवंत खडक (उपयुक्त जिवाणूंची वस्ती असलेला सच्छिद्र खडक) टाकल्यानंतर अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मी पाच आठवडे थांबलो आणि त्यानंतरच क्लाउनफिशची जोडी सोडली. तीन आठवड्यांपूर्वी मश्रूम प्रवाळ व झोअँथस आणले आणि त्यांना पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून टाकीवरील काचेचे झाकण काढून ठेवले. पहिले काही दिवस प्रवाळ छान फुलत असत. आता मश्रूमची थाळी आक्रसून नाण्याएवढी झाली आहे आणि झोअँथसची तोंडे दिवसभर मिटलेली असतात. तापमान २५ अंश सेल्सिअस आहे, नायट्रेट ५ आहे आणि काट्याचा हायड्रोमीटर (पाण्याची घनता, म्हणजे पर्यायाने खारेपणा मोजणारे साधन) विशिष्ट गुरुत्व १.०२५ दाखवतो. रोज सुमारे एक लिटर पाणी उडून जाते, तेवढे मिठाचे पाणी मी न चुकता कालवून भरतो. वाळूवर तपकिरी थरही धरू लागला आहे. माझे कोठे चुकते आहे?

उत्तर १

तुमच्या शेवटून तिसऱ्या वाक्यातच उत्तर आहे. उडून जाते ते केवळ पाणी. मीठ टाकीतच राहते. काठावर पांढरी खरखरीत पापुद्री जमते, तेवढाच काय तो अपवाद. त्यामुळे भर घालायची ती नेहमी गोड्या, आर.ओ. गाळणीच्या पाण्याची. एक लिटर समुद्री पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. वीस दिवसांत तुम्ही सुमारे ७०० ग्रॅम मीठ जास्तीचे टाकले आहे. १२० लिटरमध्ये ते विभागले, तर लिटरमागे सहा ग्रॅमच्या आसपास वाढ होते, म्हणजे टाकीचे पाणी आता ३५ नव्हे, ४१ च्या घरात असावे.

मासे ठणठणीत का, हेही यावरून कळते. समुद्री मासा कल्ल्यांवाटे जादा मीठ बाहेर टाकू शकतो, प्रवाळाकडे ती सोय नाही; भोवतालचे पाणी जितके खारे, तितके त्याच्या शरीरातले पाणी ओढले जाते आणि तो आक्रसतो.

उत्तर २

वरील हिशेब मला पटतो. प्रश्न उरतो तो हायड्रोमीटर १.०२५ च, म्हणजे लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅमच, का दाखवतो याचा. तुमचा काटा उजेडात धरून नीट पाहा. त्यावर चुन्याची किंवा मिठाची बारीक कणी जमली असेल, तर काटा जड होतो आणि आकडा खरा असेल त्यापेक्षा कमी येतो. उलट हवेचे बुडबुडे चिकटले, तर तो जास्त येतो. काटा पातळ व्हिनेगरमध्ये बुडवून धुवावा. शक्य असेल, तर रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा मोजणारे उपकरण) घ्यावा आणि तो ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावा. केवळ शुद्ध पाण्यावर शून्य जुळवले, म्हणजे वरचा आकडा बरोबर येईलच असे नाही.

खारेपणा एका दिवसात उतरवू नका, ही कळकळीची विनंती. रोज तीन लिटर टाकीतले पाणी काढून तेवढेच गोडे पाणी हळूहळू घाला आणि उडालेल्या पाण्याची भर वेगळी घालत राहा; सहा दिवसांत तुम्ही ३५ पाशी याल. पाणी तपासून पाहिल्याशिवाय मात्र हे सुरू करू नये.

उत्तर ३

एक भर घालतो. पाण्याचा खारेपणा वाढला, तेव्हा कॅल्शियम आणि अल्कताही (आम्ल शोषून घेण्याची पाण्याची क्षमता) सोबत वाढली आहे आणि आता खारेपणासोबत ती उतरेल. तो उतार पाहून घाईने पूरक रसायने ओतू नका. मश्रूम आणि झोअँथस यांना सांगाडा बांधायचा नसल्यामुळे त्यांची कॅल्शियमची गरज फार थोडी असते. तपकिरी थर बहुधा डायटम या सूक्ष्म शैवालाचा आहे. नव्या टाकीत तो येतो आणि पाण्यातले सिलिकेट संपत आले की विरळ होतो. तो खाण्यासाठी गोगलगायी आणायच्या असतील, तर खारेपणा स्थिर झाल्यावरच आणा, कारण हा बदल त्यांना प्रवाळांपेक्षाही अवघड जातो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काट्याच्या मुळाशी खरोखरच पांढरी कणी होती. धुऊन पुन्हा मोजले, तर १.०३१ आले, म्हणजे ४१ च्या घरातच. आज पहिले तीन लिटर बदलले आहेत आणि पाण्याच्या मूळ पातळीवर काचेला बाहेरून चिकटपट्टी लावून ठेवली आहे, म्हणजे रोज तेथपर्यंतच गोडे पाणी भरता येईल.