ऑक्टाव्हिया व्हीआरएस 230 चं पहिलं ट्यूनिंग: बेळगावातून सुरुवात कुठून करायची?

शहापूर_टर्बो

नमस्कार मंडळी. गाडी 2017 ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस 230, टू लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल), सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), पासिंग केए 22, चाललेली 62 हजार किलोमीटर. इंजिनात कसलाही बदल नाही. स्टेज 1 रीमॅप, म्हणजे पार्ट न बदलता फक्त इंजिनाच्या कॉम्प्युटरचं (ईसीयूचं) सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, करायचा विचार आहे. फिरणं बहुतेक चोर्ल्यातून गोवा आणि हायवेने कोल्हापूर-पुणे.

इथल्या एका गॅरेजमध्ये ट्यूनिंग बॉक्स सुचवलाय. सेन्सरच्या वायरीत लावायचा, नको झाला की काढायचा, ईसीयूला हात नाही. दुसरा पर्याय म्हणजे पुण्याला किंवा बेंगळुरूला जाऊन ईसीयूत नीट फाईल (नवं सॉफ्टवेअर) टाकून घेणं. मला विचारायचंय ते असं: बॉक्स की रीमॅप? आधी गाडीत काय काय तपासून घ्यायचं? आणि आता सगळीकडे ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आहे, त्यावर हे चालेल का? 95 ऑक्टेनवर भागेल का? जाणकारांनी सविस्तर सांगा की.

उद्यमबाग_फिटर

दादा, बॉक्सचा विचार आजच सोडा. कारण समजून घ्या म्हणजे परत कुणी गळ घातली तरी डळमळणार नाही.

या इंजिनाचा ईसीयू टॉर्कच्या हिशेबावर चालतो. तुम्ही पेडल दाबता तेव्हा तो आधी ‘किती न्यूटन मीटर हवेत’ हे ठरवतो, त्यावरून हवा किती लागेल, बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) किती, वेस्टगेट (टर्बोला टाळून धूर सोडणारी झडप) किती बंद ठेवायचं, हे काढतो. बॉक्स मधे बसून बूस्ट सेन्सरचा आकडा कमी करून सांगतो. ईसीयूला वाटतं बूस्ट कमी पडतोय, म्हणून तो टर्बोला आणखी पळवतो. आता खरी हवा जास्त आणि ईसीयूच्या हिशेबातली हवा कमी. इंधन लॅम्ब्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) सांभाळून घेतो, पण इग्निशनचं टायमिंग कमी लोडच्या खान्यातून उचललं जातं, म्हणजे गरजेपेक्षा पुढे. नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून इंजिनात ठोके बसणं) तिथूनच सुरू होतं.

त्याहून वाईट गोष्ट गिअरबॉक्सची. डीएसजी क्लचवर किती दाब द्यायचा हे ईसीयूने कळवलेल्या टॉर्कवरून ठरवतो. ईसीयू म्हणतो 350, इंजिन देतंय 410. दाब 350 च्या हिशेबाचा, म्हणून क्लच घसरतो, तेल तापतं, प्लेटा झिजतात. गाडी चालवताना सुरुवातीला काहीच कळत नाही. फक्त तिसऱ्या-चौथ्यात पूर्ण पेडल दिल्यावर आरपीएमचा काटा जरा आधी उडतो आणि वेग मागून येतो. तेवढं दिसलं म्हणजे नुकसान सुरू झालं समजा.

रीमॅपच करा. पण फाईल हे शेवटचं काम, त्याआधीची कामं सांगतो.

स्पार्क प्लग 60 हजारांवर बदलायचेच असतात, ते आधी नवे घाला. ट्यूनर बहुतेक एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग सांगतो, गॅप 0.6 ते 0.7 मिमी. बूस्ट वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. गॅप मोठी राहिली तर ठिणगी विझते आणि भर लोडवर गाडी धक्के मारते. लोक मग फाईलला दोष देत बसतात. प्लग टॉर्क रेंचनेच आवळा, अंदाजे नको. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. तीन प्लगांचं पोर्सेलिन फिकट तपकिरी आणि एकाचं ओलसर काळं दिसलं तर तो सिलिंडर तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. पोर्सेलिनवर बारीक चकचकीत ठिपके दिसले तर ती नॉकिंगची खूण, ॲल्युमिनियमचे कण उडून चिकटलेले असतात.

मग गरम इंजिनावर कम्प्रेशन (सिलिंडर किती दाब धरतो ते) मोजा. थ्रॉटल पूर्ण उघडं, बॅटरी भरलेली, चारही प्लग काढलेले. आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक बघा. एखादा वेगळा पडला तर लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते बघणं) करून घ्या. 10 टक्क्यांच्या आत गळती म्हणजे इंजिन ठणठणीत, 20 च्या वर म्हणजे रीमॅपचे पैसे इंजिनावर खर्च करा. हवा कुठून जाते तेही ऐका: सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेलाच्या झाकणातून आली तर रिंगा.

बूस्ट पाइपांची गळती तपासायला टर्बोच्या तोंडाला बूच लावून 0.7 ते 1 बार हवा सोडायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी. इंटरकूलरचे क्लॅम्प आणि डायव्हर्टर व्हॉल्व्ह, या दोन जागा नीट बघा.

या इंजिनाचं जुनं दुखणं म्हणजे थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं प्लास्टिकचं हाउसिंग. कूलंटची टाकी महिन्याला बोटभर उतरत असेल तर तिथे गुलाबी पांढुरके ओघळ शोधा. गळतं हाउसिंग घेऊन ट्यूनिंगला जाऊ नका.

डीएसजीचं तेल आणि फिल्टर 60 हजारांचं काम आहे, झालं नसेल तर आधी करा. साधारण 5 लिटरच्या वर तेल बसतं. लेव्हल तेलाचं तापमान 35 ते 45 अंशांत असताना, इंजिन चालू ठेवूनच बघायची. थंड तेलावर लेव्हल बघितली तर आकडा चुकीचा येतो आणि मग गिअर टाकताना झटके.

चिकोडी_लॅम्ब्डा

वरचं सगळं बरोबर. मी पेट्रोलवर लिहितो, कारण इंजिनं सगळ्यात जास्त तिथेच मरतात.

ऊस आपल्याच मळ्यातला, इथेनॉलही त्याचंच, तेव्हा इथेनॉलला शिव्या घालायचं कारण नाही. नॉकिंग थोपवायला ते चांगलंच आहे, शिवाय बाष्प होताना आतली हवा गार करतं. अडचण वेगळी आहे. शुद्ध पेट्रोलला 1 किलोमागे 14.7 किलो हवा लागते, ई20 ला सुमारे 13.5. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन आकारमानाने साधारण 8 टक्के जास्त सोडावं लागतं. स्टेज 1 मध्ये इंधनाच्या हाय-प्रेशर पंपावर आधीच ताण वाढतो, त्यावर हे 8 टक्के. म्हणून फाईल करणाऱ्याला आधीच सांगा की गाडी ई20 वरच राहणार आहे. बाहेरच्या देशातल्या 98 ऑक्टेनवर बनवलेली तयार फाईल इथे तशीच टाकायला देऊ नका.

95 वर भागेल, पण फाईल 95 साठीच बनलेली असली पाहिजे. 100 ऑक्टेनची फाईल घेऊन रोज 95 भरलं तर नॉक सेन्सर टायमिंग मागे खेचत राहतो. ताकद जाते, एक्झॉस्ट तापतो, टर्बो भाजतो. आणि 100 चं पेट्रोल संकेश्वरला किंवा खानापूरला ऐनवेळी मिळेलच असं नाही. टाकी अर्धी असताना वेगळं पेट्रोल ओतून लगेच गाडी ताणू नका. ईसीयूला नवा मेळ बसवायला थोडं अंतर सौम्य चालवणं लागतं.

रीमॅपआधी इंधनाचा ट्रिम (ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन वाढवतो-घटवतो ते) वाचून घ्या. गरम इंजिनावर लाँग टर्म ट्रिम ±5 टक्क्यांत असला तर छान. तो +8, +10 दाखवत असेल तर एकतर ई20 मुळे वाढलाय किंवा कुठेतरी हवा गळते. दोन्ही वेगळे ओळखायची युक्ती: आयडलला जास्त आणि वेगात कमी असेल तर व्हॅक्यूम गळती, बहुतेक वेळा पीसीव्ही (इंजिनातल्या वाफा परत आत ओढणारा व्हॉल्व्ह). इंजिन चालू असताना तेलाचं झाकण घट्ट चिकटून बसलं, काढायला जोर लागला, शिट्टीसारखा आवाज आला, तर पीसीव्हीचा पडदा फाटलाय. दोन्हीकडे सारखाच ट्रिम वाढलेला असेल तर इंधन.

शहापूर_टर्बो

खूप धन्यवाद. बॉक्स बाद. लॉगिंग (गाडी चालताना सेन्सरचे आकडे नोंदवणं) कसं करायचं तेही सांगा. स्वतःचं ओबीडी टूल घेऊन केलं तर चालतंय का? आणि किती ताकद मागावी?

उद्यमबाग_फिटर

टूल स्वतःचं घेतलेलं बरंच. लॉग डायनोवरच (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) घ्या. हायवेवर तिसऱ्यात 6,500 पर्यंत नेणं म्हणजे वेग 100 च्या कितीतरी पुढे, आणि काकतीजवळ उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत कधी समोर येईल सांगता येत नाही.

चॅनल मोजकेच निवडा, आठ-दहा. जास्त घेतले तर नोंदींचा वेग मंदावतो आणि नेमका बिघाडाचा क्षण दोन नोंदींच्या मधे हरवतो. आरपीएम, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, आत येणाऱ्या हवेचं तापमान, लॅम्ब्डा, रेल प्रेशर (इंजेक्टरपाशी इंधनाचा दाब) मागितलेलं आणि मिळालेलं, आणि चारही सिलिंडरचं टायमिंग किती मागे खेचलं ते. गिअर मॅन्युअलमध्ये लावून पेडल किकडाउनच्या खटक्याच्या अलीकडेच थांबवा, नाहीतर डीएसजी खालचा गिअर टाकतो आणि लॉग वाया.

वाचताना रेल प्रेशर आधी बघा. कमाल 200 बारच्या आसपास मागणी असते. मिळालेला आकडा मागणीच्या मागे पडून खाली घसरत गेला तर पंप पुरत नाही, तिथे बूस्ट कमी करणं हाच उपाय. मग टायमिंग: एखाद-दुसऱ्या सिलिंडरवर 2-3 अंश मागे येणं चालतं. एकाच सिलिंडरवर दर वेळी 5-6 अंश दिसत असेल तर तो प्लग, कॉईल, इंजेक्टर बघा. चारही सिलिंडरवर एकदम दिसत असेल तर पेट्रोल हलकं आहे किंवा फाईल आक्रमक आहे.

किती मागावी, याबद्दल माझं ठाम मत: पीएस नका मागू, न्यूटन मीटरवर लगाम मागा. मूळ 230 पीएस आणि 350 न्यूटन मीटर. 280 पीएस आणि 400 च्या आत टॉर्क, तोही 2,500 आरपीएमच्या खाली पूर्ण न देणारा. कमी आरपीएमवर भरपूर बूस्ट दिला की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. ते सेन्सरने आवरत नाही, एका झटक्यात पिस्टनची कड किंवा रॉड जातो. चोर्ल्यात वर चढताना पाचव्यात 1,600 वर पेडल तळाला नेणं हा त्याचा नेमका मोका. गिअर खाली घ्या. तेलही कंपनीने सांगितलेल्या मानकाचं आणि सोबत एपीआय एसपी दर्जाचं असलेलं निवडा, त्यात या दोषाची चाचणी असते. तेलबदल 7-8 हजार किलोमीटरवर.

खानापूरकर

उंचीचा मुद्दा राहिला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, हवेचा दाब 925 मिलिबारच्या आसपास. ईसीयू बूस्ट निरपेक्ष दाबात (बाहेरच्या हवेचा दाब धरून) मागतो. समजा फाईलला 2.4 बार हवेत. पणजीत टर्बोला हवा 2.37 पट दाबावी लागते, बेळगावात 2.6 पट. टर्बो जास्त फिरतो आणि बाहेर पडणारी हवा 12-15 अंशांनी जास्त तापते. किनाऱ्यावर बसवलेली फाईल इथे टर्बोला पार कडेला नेऊ शकते, म्हणून फाईल करताना उंची सांगा. पुणे साडेपाचशे मीटरवर, बेंगळुरू नऊशेच्या वर. म्हणजे बेंगळुरूच्या डायनोवर सुरक्षित निघालेली फाईल इथे निवांत चालते.

डायनोच्या छापील आकड्याचं करेक्शन टर्बो गाड्यांना फुगवून दाखवतं. त्याच डायनोवर, त्याच दिवशी, आधीचा आणि नंतरचा रन घ्या आणि फक्त फरक धरा.

एअर फिल्टरबद्दल: उघडा कोन फिल्टर लावू नका. बॉनेटमधली गरम हवा ओढतो, आणि आमच्याकडच्या लाल मातीत बारीक धूळ आत जाते. मूळ डबा, कोरडा कागदी फिल्टर, दर 10 हजारांना नवा.

चिकोडी_लॅम्ब्डा

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि 182अ(4) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, दोन्हीही. विमा कंपनीला न कळवता केलं तर दाव्याच्या वेळी वाद. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारं स्टेज 2 कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. पीयूसी तर अडतंच, पण धूर आपल्याच गल्लीत.

ट्यूनरला जायच्या आधी फोनवर चार गोष्टी विचारा: आधीचा आणि नंतरचा लॉग हातात देणार का, मूळ फाईलची प्रत देणार का, एक्झॉस्ट तापमानाची सुरक्षा चालू ठेवणार का, आणि गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअरही सोबत करणार का. तिसऱ्याचं उत्तर ‘ती बंद करतो, मग ताकद मिळते’ असं आलं तर फोन ठेवा.

शहापूर_टर्बो

शेवटचं एक. फाईल टाकताना बॅटरीचं काय? माझी बॅटरी चार वर्षांची आहे.

उद्यमबाग_फिटर

बदलून जा, किंवा निदान लोड टेस्ट करून घ्या. फाईल लिहिताना इग्निशन चालू आणि इंजिन बंद असतं, पंखेही मधेच फिरतात. व्होल्टेज 12 च्या खाली आला आणि लिहिणं अर्धवट तुटलं तर ईसीयू उघडून टेबलावर जिवंत करावा लागतो. ट्यूनरने स्थिर 13 व्होल्टच्या वर देणारा सपोर्ट चार्जर लावलाच पाहिजे. साधा ट्रिकल चार्जर त्या कामाचा नाही. एसी, दिवे, स्टिरिओ बंद, दार उघडझाप नाही. आणि पुढे कधी सर्व्हिस सेंटरला गाडी दिलीत तर जॉब कार्डवर ‘सॉफ्टवेअर अपडेट करू नये’ असं लिहून घ्या. अपडेट झाला की तुमची फाईल पुसली जाते, आणि किती वेळा फाईल लिहिली याची नोंद मात्र ईसीयूत राहतेच.