फेड आउटला (स्टेजवरचा उजेड हळूहळू उतरवत बंद करणे) 'मालवणे' चालेल का? आणि इफेक्टला काय म्हणायचं?

आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाला यंदा पहिल्यांदाच लायटिंग कन्सोल (सगळे दिवे एका जागेवरून चालवायचं यंत्र) आणला, भाड्याने, तोवर डिमरच्या दांड्या वरखाली करणारी माणसं आम्ही. तालमीला दिग्दर्शक काका म्हणाले, "पद संपताना दिवे मालव रे." कन्सोलवर बसलेला पोरगा बारावीतला, त्याने सरळ ब्लॅकआउटचं बटण दाबलं. गाणारी तानेत आणि स्टेजवर काळोख! काका म्हणे, मालव म्हटलं, विझव नाही. पोराला दोन्ही एकच. आता क्यूच्या वहीत (कुठल्या क्षणी दिव्यांचं काय करायचं ती नोंद) नक्की शब्द लिहायचे ठरवलंय, तर फेड आउट = मालवणे हे बरोबर का?

—

बरोबरच आहे, आणि काकांचा राग पण बरोबर. घरात सांजवातीला 'विझव' कोणी म्हणत नाही, अशुभ वाटतं, म्हणून मालवणे किंवा दिवा शांत करणे. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतो तसंच ते. कोंकणीत पालोवप आहेच, कानाला जवळच लागतो. पण मालवणे म्हणजे फक्त बंद करणे, त्यात 'हळूहळू' कुठे आहे? माझ्या मते ते पोराचं चुकलं नाही.

—

हळूहळू शब्दात नव्हतं, दिव्यात होतं! जुन्या हॅलोजन पारकॅनचा (स्टेजवरचा डब्यासारखा दिवा, थोडक्यात पार) करंट तोडला तरी फिलामेंट थंड व्हायला वेळ घेते, उजेड आधी पिवळा मग तांबूस होत जातो, म्हणजे तो दिवा आपणहून मालवतो. एलईडी पार तसा नाही, व्हॅल्यू शून्य झाली की खल्लास, विझला. म्हणून एलईडीला क्यूमध्ये फेड टाइम द्यावाच लागतो, आम्ही पदाच्या शेवटी ८ सेकंद ठेवतो. त्यातही साध्या डीएमएक्सच्या (कन्सोलकडून दिव्यांना जाणारा सिग्नल) एका चॅनेलला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या, त्यामुळे अगदी खालच्या उजेडात दिवा ठेच लागल्यासारखा उतरताना दिसतो. फिक्स्चरला, म्हणजे दिव्याला, १६ बिट डिमर असेल तर तो मोड लावा, पायऱ्या ६५,५३६ होतात. वहीत नुसतं मालवणे लिहू नका, 'मालव ८' असं लिहा, पोरगा परत चुकणार नाही.

—

'मालव ८' झकास! ब्लॅकआउटला मात्र 'काळोख' ठेवा, विझव नको, काका परत ओरडतील 😀 आता इफेक्टचं सांगा कोणीतरी. एका शिबिराच्या टिपणात इफेक्टला 'परिणाम' आणि चेजला (दिवे एकामागून एक लागणं) 'पाठलाग' केलेलं वाचलं, दिवे कोणाचा पाठलाग करतात बाबा?

—

परिणाम हा शेवटी प्रेक्षकावर होतो, कन्सोलमध्ये नसतो. चेज म्हणजे स्टेप्स, एक दिवा लागला दुसरा लागला तिसरा लागला, गणपतीच्या डेकोरेशनवाले त्याला रनिंग म्हणतात, तेच राहू दे. इफेक्ट वेगळा, त्यात साइन वेव्ह असते आणि सगळे दिवे तीच लाट खेळतात, फक्त प्रत्येकजण थोडा उशिरा. तो उशीर म्हणजे ऑफसेट. १२ पार असतील तर ३६० भागिले १२, प्रत्येकाला ३० अंश मागे ठेवायचं की उजेड स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जातो. ऑफसेट शून्य केला की बाराही एकदम वरखाली, श्वास घेतल्यासारखे. साइज म्हणजे लाटेची उंची, रेट म्हणजे वेग. मिरामारच्या किनाऱ्यावर पाच मिनिटं उभं राहिलात तरी हे सगळं कळतं, म्हणून आमच्याकडे इफेक्टला सरळ 'लाट' म्हणतात.

—

लाट आवडला, पण स्ट्रोबला (भराभर उघडझाप करणारा दिवा) पण कन्सोलवर इफेक्टच म्हणतात, त्यात कसली लाट?

—

स्ट्रोबला लखलख. नाहीतर स्ट्रोबच म्हणा, काकांना स्ट्रोब तसाही नकोच असतो.

—

वहीत लिहिलं: क्यू ३१, लाट बंद, मालव ८. काकांनी वाचून विचारलं, "आठ काय, रुपये?"