घटस्फोट कमी, म्हणजे संसार सुखाचे?

माणदेशी_लेक

मागच्या आठवड्यात घरच्या लग्नात पंगतीला विषय निघाला. एक काका म्हणाले, "जगात सगळ्यांत कमी घटस्फोट आपल्याकडे. आपली कुटुंबव्यवस्था किती भक्कम आहे ते यातच आलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारी आत्या जेवत होती. ती काही बोलली नाही, म्हणून मी इथे लिहितेय.

आत्या लग्नानंतर दीड वर्षात माहेरी आली, ती कायमची. नवऱ्याने दुसरी केली. कोर्टात कोणी गेलं नाही, कसला कागद झाला नाही. गाव तिच्याबद्दल एवढंच म्हणतं, "ती नांदत नाही." तिला नांदवलं नाही, असं कुणी म्हणत नाही. क्रियापदातच दोष तिच्याकडे सरकवलाय.

फेब्रुवारी २०११ मध्ये जनगणनेचे गुरुजी घरी आले तेव्हा मी बारावीत होते. आजोबांनी सोप्यात बसून सगळ्यांची माहिती सांगितली. आत्यापुढे 'विवाहित' लागलं. "नवरा जिवंत आहे की तिचा," आजोबा म्हणाले. आत्या आत भाकरी थापत होती. तिला कुणी विचारलं नाही.

पुढे एम.ए.ला असताना त्याच जनगणनेवरचा सूरज जेकब आणि श्रीपर्णा चट्टोपाध्याय यांचा २०१६ चा अभ्यास वाचला. देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसं १३.६ लाख, म्हणजे विवाहितांच्या ०.२४ टक्के. काकांच्या बोलण्यामागचा आकडा तो हाच. पण 'विभक्त' या रकान्यात त्याच्या जवळपास तिप्पट माणसं आहेत. २००१ च्या जनगणनेत हे दोन्ही एकाच रकान्यात होते, वेगळे झाले ते २०११ ला. दोन्हींत बायका पुरुषांच्या साधारण दुप्पट, कारण पुरुषाचं दुसरं लग्न पटकन होतं. आणि आत्या? ती तर त्या तिपटीतही नाही!

माझं म्हणणं असं, की घटस्फोटाच्या दरावरून बाहेर पडायची वाट किती मोकळी आहे तेवढंच कळतं. घरात काय चाललंय ते कळत नाही. तो आकडा अभिमानाने मिरवू नये.

अण्णा_सातारकर

असहमत. तुझ्या आत्यावर अन्याय झाला, त्यात दुमत नाही. पण ताई, तिला तर टाकलं. तिचं उदाहरण घेऊन सगळ्या टिकलेल्या लग्नांवर संशय कसा घेणार?

अमेरिकेत लिंडा वेट आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक अहवाल काढला होता. संसारात दुःखी आहोत असं सांगणाऱ्या लोकांना पाच वर्षांनी पुन्हा विचारलं. जे एकत्र राहिले होते त्यांच्यातले दोन तृतीयांश लोक आता सुखी आहोत म्हणाले. वेगळे झालेले सरासरीने त्यांच्यापेक्षा जास्त सुखी नव्हते.

हे मी स्वतः जगलोय. आमच्या पहिल्या सहा वर्षांत हिने दोनदा बॅग भरली. चूक बरीचशी माझीच होती, रागावर ताबा नव्हता. सासरे येऊन चार दिवस राहिले, माझ्याशी बोलले, हिच्याशी बोलले. आज ३४ वर्षं झाली. तेव्हा वाट फार मोकळी असती तर आम्ही दोघंही नसत्या रागात निघून गेलो असतो. माणसं थांबतात ती भीतीनेच, हे मला पटत नाही.

रेवा

अण्णा, तुमचे सासरे चार दिवस येऊन राहिले. किती जणींचे वडील येतात? बहुतेकींना "दिल्या घरी सुखी राहा" एवढंच ऐकायला मिळतं.

अमेरिकेचंच बोलायचं तर दुसरा अभ्यासही बघा. कॅलिफोर्नियाने १९६९ मध्ये कुणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कायदा केला, मग एकेक राज्य त्या वाटेने गेलं. प्रत्येक राज्याचं वर्ष वेगळं, त्यामुळे कायद्याच्या आधीची आणि नंतरची स्थिती ताडून बघता आली. बेट्सी स्टीव्हन्सन आणि जस्टिन वुल्फर्स यांनी ते केलं. एकतर्फी, म्हणजे एकाच्याच मागणीवर, घटस्फोट शक्य झाला त्या राज्यांत बायकांच्या आत्महत्या ८ ते १६ टक्क्यांनी कमी झाल्या, घरातली मारहाण साधारण ३० टक्क्यांनी उतरली. त्यांचा तर्क असा, की ज्या घरांत घटस्फोट झालाच नाही तिथेही फरक पडला. बायको जाऊ शकते, एवढं कळलं की उचललेला हात खाली येतो.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलंय. घटस्फोट ०.२४ आणि हिंसा २९.३. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

अण्णा_सातारकर

मारहाण असेल तिथे मी थांबा म्हणणार नाही. तेवढं स्पष्ट करतो.

पण मुलांचं काय? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल अमेटो यांचं काम तुम्हाला माहीत असेल. आईबापांत सतत टोकाची भांडणं असतील तर ती वेगळी झाल्यावर मुलं सावरतात, हे त्यांनी दाखवलं. त्याचबरोबर हेही दाखवलं, की जिथे भांडणं फारशी नव्हती तिथे घटस्फोट झाला तर मुलांना जास्त झळ बसते. त्यांच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असतं आणि एक दिवस घर मोडतं. मी बोलतोय ते या दुसऱ्या घरांबद्दल.

काळा_कोट

वकिली करते, म्हणून कायद्याचं सांगते. परस्पर संमतीचं कलम, १३ ब, हिंदू विवाह कायद्यात आलं १९७६ ला. अर्जानंतर सहा महिने थांबायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, की योग्य प्रकरणात ही मुदत माफ करता येते. पण संमती दोघांची लागते, आणि ती शेवटपर्यंत टिकावी लागते. पोटगीचा आकडा खाली आणण्यासाठी संमती अडवून धरणारे मी दर महिन्याला बघते. दोन्ही बाजूंचे बघते. त्यामुळे वाट मोकळी आहे, असं कुणी समजू नये.

आणखी एक. घटस्फोट पश्चिमेकडून आला, हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्रात कितीतरी जातींत काडीमोड होता, नंतर बाई पाट लावायची, म्हणजे दुसरं लग्न करायची. १९५५ च्या याच हिंदू विवाह कायद्याने रूढीनुसार चालत आलेला घटस्फोट कलम २९ मध्ये शाबूत ठेवलाय. लग्न मोडू न देण्याची रीत सगळ्यांची कधीच नव्हती.

तुषार_पु

म्हणूनच आधी एकत्र राहून बघावं. आम्ही दोन वर्षं राहिलो, मग लग्न केलं.

रेवा

तुषार, तेही इतकं सरळ नाही. डेन्व्हर विद्यापीठाचे स्कॉट स्टॅन्ली आणि गॅलिना ऱ्होड्स म्हणतात, की भाडं वाचेल म्हणून एकत्र राहायला लागलेली जोडपी पुढे ओघाने लग्नात घसरत जातात. आधी ठरवून मग एकत्र आलेल्यांचं बरं चालतं. एरिएल कुपरबर्ग यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की खरा फरक वयाचा आहे. फार लहान वयात एकत्र राहिलात, मग लग्न करून असो वा न करता, मोडण्याचा धोका वाढतो.

शकुंतला_नगर

१९८०च्या दशकाच्या शेवटी संगमनेरला समता आंदोलन या संघटनेने टाकलेल्या बायकांची परिषद भरवली होती. मी तेव्हा शिक्षिका होते, मैत्रिणीबरोबर गेले. 'परित्यक्ता' हा शब्द भरसभेत मोठ्याने उच्चारलेला मी पहिल्यांदा तिथे ऐकला. सगळ्यांत जास्त बोलणं झालं ते रेशन कार्डाबद्दल. स्वतःच्या नावाचं कार्ड हवं, नाहीतर भावाच्या दारात जन्मभर उपरी. अण्णा, तुम्ही म्हणता तसे टिकलेले संसार आहेतच, माझाही टिकला. पण त्या मांडवातल्या बायकांचेही कागदोपत्री टिकलेलेच होते.

अण्णा_सातारकर

शकुंतलाताई, हे मला माहीत नव्हतं. टिकणं चांगलं, यावरून मी हटत नाही. पण त्या आकड्याचा दाखला यापुढे देणार नाही.

माणदेशी_लेक

काल रात्री हे सगळे प्रतिसाद आत्याला वाचून दाखवले. येत्या जनगणनेत तुझ्यापुढे 'विभक्त' लिहायला सांगू का, विचारलं. तिने बराच वेळ विचार केला. म्हणाली, "गुरुजी आले की मला हाक मार. माझं मी सांगेन."