मदत हवी आहे: प्लॅन ३०० चा, डाउनलोड ११.३ चं. हिशोब कुठे चुकतोय?

रानवारा
१६० जीबीची फाइल सकाळच्या आत उतरवायची आहे. प्लॅन ३०० एमबीपीएस. १,६०,००० भागिले ३०० म्हणजे ५३३ सेकंद, फार तर ९ मिनिटं लागायला हवीत. इथे ४ तास दाखवतंय आणि वेग ११.३ एमबीपीएस. वेगाची एककं बदलून देणाऱ्या दोन साइटींवर आकडा टाकला. एकीने ९०.४ दिले, दुसरीने ९४.८. ३०० कशातच येत नाही. बरोबर सूत्र कुठलं? घाई आहे, प्लीज लवकर सांगा.

पाटीपेन्सिल
११.३ च्या पुढे इंग्रजीत काय लिहिलंय ते अक्षर न अक्षर बघून सांगा. देवनागरीत एमबीपीएस लिहिलं की बी लहान की मोठा ते कळतच नाही, आणि सगळा घोळ तिथेच असतो. लहान बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट. ८ बिटांचा १ बाइट. आकडा कुठल्या प्रोग्रॅममध्ये दिसतोय? मशीन केबलवर आहे की वायफायवर?

तांबडा_कंदील
एवढं खोलात कशाला जायचं? नेट कंपनीचा आकडा १० ने भागायचा, हातात पडणारे मेगाबाइट मिळतात. ३०० चे ३०. त्याहून कमी येत असेल तर तक्रार टाका.

सांजवेळ
मोबाइलवर असाल तर रोजचा डेटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर आणतात तो प्रकार असेल. ते किलोबिट असतात, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. २ एमबीचा फोटो यायला २५० सेकंद, चार मिनिटांच्या वर.

पाटीपेन्सिल
सांजवेळ, गणित बरोबर आहे, पण ६४ किलोबिटवर ११.३ कधीच दिसणार नाही. इथे ते नाही.

कंदील, १० चा नियम डायल-अप मोडेमचा. तिथे ८ बिटांच्या मागेपुढे एक स्टार्ट आणि एक स्टॉप बिट जायचा, म्हणून बाइटला १० बिट. इथरनेटवर, म्हणजे केबलच्या नेटवर, डेटा पॅकेट नावाच्या तुकड्यांत जातो; १५०० बाइटच्या पॅकेटसाठी तारेवर १५३८ बाइटांची जागा जाते आणि त्यात फाइलचे १४६० असतात, बाकी हेडर वगैरे, म्हणजे पत्त्यासारखी जादा माहिती. घट ५ टक्क्यांची, २० ची नाही.

तांबडा_कंदील
अंदाजाला १० च बरा. तोंडी होतो आणि माणूस जास्तीची अपेक्षा धरत नाही.

पाटीपेन्सिल
आणि मग ३४ यायला हवेत तिथे ३० आले तरी माणूस ठीक आहे म्हणून गप्प बसतो. बिघाड शोधायचा तर नेमका आकडाच हवा.

रानवारा
क्रोममध्ये दिसतंय. बी मोठा आहे, मध्ये तिरकी रेघ, मग एस. केबल लावलेली आहे. पण मी सूत्र विचारलंय, दोन साइटींची दोन उत्तरं का येतात ते सांगा ना.

पाटीपेन्सिल
कारण मेगा दोन प्रकारे मोजतात. नेटवर्कमध्ये मेगा म्हणजे १० लाख, कायम. क्रोम आणि विंडोज फाइल मोजताना १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०,४८,५७६ बाइट धरतात आणि तरी एमबीच लिहितात. त्याला १९९८ पासून मेबीबाइट असं वेगळं नाव आहे, पण ते पडद्यावर फारसं दिसत नाही. ९०.४ वाल्या साइटीने नुसतं ८ ने गुणलं. तुमच्यासाठी ९४.८ बरोबर.

तर सूत्र: क्रोमचा आकडा गुणिले ८.३९ (८ गुणिले १.०४८५७६) बरोबर मेगाबिट. उलट जायचं तर प्लॅन (तो मेगाबिटमध्येच असतो) भागिले ८.३९. ३०० चे ३५.८ झाले. त्यातून हेडर वजा केले की ३४ ते ३५ दिसायला हवेत. म्हणजे ९ मिनिटं कधीच नव्हती, पण ४ तासही नकोत. सव्वा तास ते एक तास वीस मिनिटं.

केबलवाला
रानवारा, सूत्र मिळालं, आता माझं ऐका. तो ११.३ चा आकडा साधा नाही. १०० मेगाबिटच्या लिंकवरून जास्तीत जास्त ९४.९ मेगाबिट फाइल जाते, आणि ९४.९ भागिले ८.३९ म्हणजे बरोबर ११.३. वेग वरखाली न होता तिथेच चिकटला असेल तर प्लॅनचा दोष नाही, तुमच्या घरातली लिंक, म्हणजे मशीन ते राउटर ही जोडणी, १०० वर जुळली आहे.

विंडोज बटण आणि आर दाबा, एनसीपीए डॉट सीपीएल टाइप करा, इथरनेटवर डबल क्लिक करा. स्पीडसमोर काय आहे?

रानवारा
१००.० लिहिलंय. म्हणजे कंपनीने प्लॅन कमी केला का?

केबलवाला
नाही. त्या खिडकीतला आकडा तुमचं मशीन आणि राउटर यांच्यातला असतो, प्लॅनचा त्याच्याशी संबंध नाही. तिथे १.० जीबीपीएस हवं.

आधी पोर्ट बघा. फायबरच्या बऱ्याच स्वस्त डब्यांना एक पोर्ट जीई (गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटचा) आणि एक एफई असतो. एफई म्हणजे १०० च. केबल जीईमध्ये घाला. तरीही १०० राहिलं तर केबल. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० ला दोन जोड्या पुरतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही लागतात. निळी (४-५) किंवा तपकिरी (७-८) जोडी तुटली की लिंक बंद पडत नाही, गुपचूप १०० वर येते. म्हणून लक्षात येत नाही.

तांबडा_कंदील
सरळ वरच्या दर्जाची कॅट ६ केबल आणा, विषय संपला.

केबलवाला
त्याखालच्या कॅट ५ई वरही गिगाबिट १०० मीटरपर्यंत चालतं. कॅट ६ आणून कनेक्टर तसाच चुकीचा मारला तर १०० च येणार. बघायचं ते तांबं: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल घेऊ नका, ती कनेक्टरपाशी मोडते.

सांजवेळ
कंपन्या जाहिरात मेगाबाइटमध्ये का करत नाहीत मग? लोकांची फसगत तिथेच होते.

पाटीपेन्सिल
तारेवरचा वेग पहिल्यापासून बिटांतच मोजतात. सरकारची ब्रॉडबँडची व्याख्याही बिटांत आहे, आधी किमान ५१२ किलोबिट होती, २०२३ पासून २ मेगाबिट. पण बिलावर कंसात मेगाबाइट छापायला काहीच हरकत नाही, हे मलाही पटतं.

रानवारा
जीई पोर्टमध्ये घातली. तरी १००.

केबलवाला
राउटरकडचा कनेक्टर मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. प्लास्टिक पारदर्शक असतं. प्रत्येक सोनेरी पातीखाली रंगीत तार दिसते का ते मोजा. क्लिप खाली, पात्या वर, डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

रानवारा
चारच आहेत! नारिंगीच्या दोन आणि हिरव्याच्या दोन. मधल्या दोन आणि शेवटच्या दोन जागा रिकाम्या. निळ्या आणि तपकिरी तारा वेष्टनाच्या तोंडाशीच कापून टाकल्यात.

केबलवाला
मग तेच कारण. जोडणाऱ्याने चार तारांत काम उरकलंय. दोन्ही टोकं कापून आठही तारा घालून नवे कनेक्टर मारा. वेष्टन अडीच सेंटीमीटर सोला, पण जोड्यांचा पीळ शेवटच्या १३ मिलिमीटरच्या आतच सोडा आणि वेष्टन कनेक्टरच्या आत शिरलं पाहिजे, नाहीतर सगळा ताण तारांवर येतो. आज रात्री कनेक्टर मारायची पक्कड नसेल तर दोन मीटरची तयार केबल लावून मशीन राउटरजवळ न्या. केबल काढायच्या आधी क्रोममध्ये डाउनलोड पॉजवर टाका.

रानवारा
टीव्हीच्या बॉक्सची केबल काढून लावली. स्पीड १.० जीबीपीएस आला. डाउनलोड ३४.१ वर आहे, ११८ जीबी बाकी, ५९ मिनिटं दाखवतंय. खूप आभार. कनेक्टर उद्या मारतो.

पाटीपेन्सिल
३४.१ गुणिले ८.३९ म्हणजे २८६ मेगाबिट. हेडर धरले की ३०० च्या जवळच. कंपनीकडे तक्रार टाकली असेल तर मागे घ्या.

सांजवेळ
टीव्हीच्या बॉक्सला आता ती चार तारांची केबल लावली तर चालेल का?

केबलवाला
चालेल. ४के व्हिडिओला २५ मेगाबिटच्या आसपास लागतात.